इंजिनखोलीतल्या मावशी

तंत्रशाळेच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. दारावरच्या पाटीवर तिचं नाव मोठं भारदस्त होतं, पण बोलताना सगळे तिला इंजिनखोली म्हणत. मावशी त्या खोलीत पहिल्यांदा शिरल्या तेव्हा त्यांचं वय होतं एकोणतीस आणि हातात होता झाडू. दार उघडलं आणि त्या उंबरठ्यावरच थबकल्या. आत लोखंडी घोड्यांवर सहा इंजिनं मांडलेली होती, आणि सगळीच्या सगळी उभी चिरलेली. पोट उघडं, आतलं सगळं बाहेर. कुठे लाल रंग, कुठे पिवळा, कुठे निळा.

"घाबरू नका, ती मेलेलीच आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

ते सर होते. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग, आवाज इतका मऊ की दोन बाकांपलीकडे पोचायचा नाही. ती सहाही इंजिनं त्यांनी भंगारातून आणली होती आणि स्वतःच्या हातांनी करवतीनं कापली होती. एकेका इंजिनाला दोन-दोन, तीन-तीन महिने लागले होते. कापून झाल्यावर रंगही त्यांनीच दिला. पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या पिवळ्या, जळालेला धूर जातो ती वाट लाल. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी एक दांडा बसवला होता. तो फिरवला की आतले पिस्टन वर-खाली व्हायचे आणि मुलांना सगळं डोळ्यांनी दिसायचं.

मावशींचं काम म्हणजे खोली झाडायची, इंजिनं पुसायची, फळा धुवायचा, आणि तास चालू असताना मागच्या स्टुलावर बसून राहायचं, काही लागलं तर द्यायला. पुसायच्या चिंध्या त्या घरून आणत. त्यांचे यजमान शिंपी होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं एका माणसाचं दुकान होतं आणि दुकानात चिंध्यांना तोटा नव्हता. त्यामुळे आठ सिलिंडरचं ते भलंमोठं इंजिन चांगल्या सुटाच्या कापडानं पुसलं जायचं. यजमान म्हणायचे, "गिऱ्हाइकाला सूट शिवून होतो एक, आणि उरलेल्यात तुझ्या इंजिनाची बंडी होते."

पहिली दोन वर्षं मावशी नुसत्या पुसत होत्या. पण पुसताना दांडा फिरवावा लागे, नाहीतर खालच्या कोपऱ्यातली धूळ निघत नसे. आणि दांडा फिरवला की काय वर जातं आणि काय खाली येतं, ते हाताला कळायचंच. चार सिलिंडर एका ओळीत असलेलं जे साधं इंजिन होतं, त्यात टोकाचे दोघं वर असले की मधले दोघं खाली. दर वेळी तसंच. एक दिवस त्यांनी घरी विचारलं, "अहो, वर-खाली जाणाऱ्या दांड्यानं चाक गोल कसं फिरतं हो?"

यजमान मशीनवर होते. त्यांनी मान वर न करता पायाकडे बोट दाखवलं. खाली पायपट्टी वर-खाली हलत होती आणि बाजूचं चाक गरागरा फिरत होतं. मधे एक वाकडी कांब. मावशी जमिनीवर बसल्या आणि पाच मिनिटं ती कांब बघत राहिल्या. "अगं, पाय अवघडला माझा," यजमान म्हणाले, तेव्हा त्या उठल्या. इंजिनातला क्रँक त्यांना समजला तो असा, शिलाई मशीनखाली बसून.

त्यानंतर मागच्या स्टुलावरचं बसणं वेगळं झालं. सर शिकवत आणि मुलं पेंगत, कारण सरांचा आवाज पुढच्या रांगेतच विरून जायचा. मावशी मात्र कान टवकारून ऐकायच्या. दरवर्षी तेच धडे, त्याच क्रमानं. आधी एका सिलिंडरचं, मग ओळीतलं तीनचं, चारचं, सहाचं, मग आडवं, आणि शेवटी दोन ओळी तिरप्या जोडलेलं, म्हणजे व्ही. अकरा वर्षं हे सगळं कानावरून गेलं. घरी भांडी घासताना त्या सहा सिलिंडरच्या ठिणग्यांचा क्रम पुटपुटायच्या, "एक, पाच, तीन, सहा, दोन, चार," आणि सातवीतली मुलगी ओरडायची, "आई, तुला मोजता येत नाही का गं सरळ?"

बाराव्या वर्षी सरांचा आवाज गेला.

आधी नुसतं घसा बसल्यासारखं झालं. मग डॉक्टरांनी आत गाठ आहे असं सांगितलं. साधीच आहे, पण काढावी लागेल. ती काढली. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही अशी ताकीद मिळाली. महिना संपला, पण आवाज काही परत आला नाही. तोंड उघडलं की नुसती हवा यायची. परीक्षा आठ महिन्यांवर, बदली शिक्षक मिळेना, आणि सर तर रजा घ्यायला तयार नव्हते. ते वर्गात आले, फळ्यावर लिहू लागले. पण इंजिन दाखवायचं तर फळ्याकडे पाठ करावी लागते, आणि लिहायचं तर इंजिनाकडे. सर दोन्हीकडे पळत राहिले. मुलांनी गलका सुरू केला. मागून कुणीतरी शीळ घातली.

सर दांडा हातात धरून उभे होते. तोंड हलत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं. मावशींना ते बघवेना. त्या स्टुलावरून उठल्या, पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "सर विचारतायत, टोकाचे दोघं वर आलेत, मग आता ठिणगी दोघांकडेही पडणार का एकाकडे?"

वर्ग हसला. मावशींचे कान तापले. पण सरांनी मान डोलावली, अगदी जोरात, आणि हातानं खूण केली, पुढे बोला.

"एकाकडेच," मावशी म्हणाल्या. "दुसरा त्याच वेळी धूर बाहेर ढकलतोय. दोघं वर आलेले दिसतात सारखेच, पण एक कामावर निघालाय आणि एक कामावरून आलाय."

आता कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून तास दोघांचा झाला. सर दाखवायचे आणि मावशी बोलायच्या. कुठे चुकलं की सर टेबलावर खडू आपटायचे. पहिल्या आठवड्यात खडूचे बरेच तुकडे झाले. सरांची वाक्यं मावशींना पाठ होती, पण ती त्यांच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून त्या आपलीच वाक्यं बोलू लागल्या. दुपारी दुकानात जाऊन यजमानांसमोर त्या दुसऱ्या दिवसाचा तास घ्यायच्या. गिऱ्हाईक आलं तर तेही ऐकायचं. दोऱ्याच्या रिळांवर बोटं ठेवून त्या सिलिंडर दाखवायच्या. यजमान तोंडात टाचण्या धरून ऐकत. काही समजलं नाही तर टाचण्या काढून म्हणत, "हे पुन्हा सांग. मला कळलं नाही म्हणजे तुझ्या पोरांनाही कळणार नाही."

आडव्या इंजिनाचा दिवस मुलं पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली. त्यात दोन-दोन सिलिंडर समोरासमोर झोपलेले असतात. मावशींनी दांडा फिरवला आणि म्हणाल्या, "हे बघा, घरातले दोघं. भांडण झालं की दोघं एकाच वेळी आपापलं दार आपटून बाहेर जातात. आणि भूक लागली की दोघं एकाच वेळी परत आत येतात. एकानं दिलेला हिसका दुसरा खाऊन टाकतो, म्हणून घर हलत नाही. एकटाच आदळआपट करत राहिला असता तर भिंतींना तडे गेले असते."

वर्गात हशा पिकला. सरसुद्धा हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "हे माझ्यापेक्षा बरं आहे."

तंत्रशाळेत कामवाल्यांना मावशी म्हणत आणि शिकवणाऱ्यांना बाई. त्या महिन्यात एक मुलगा शंका विचारायला उठला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, पण..." तो जीभ चावून गप्प झाला. मावशींनी न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या शंकेचं उत्तर दिलं. घरी जाऊन मात्र ती गोष्ट त्यांनी यजमानांना दोनदा सांगितली.

असल्या गोष्टी फार दिवस झाकून राहत नाहीत. कुणा पालकाचं पत्र आलं. आमच्या मुलांना झाडूवाली शिकवते, हे कुठल्या नियमात बसतं? पत्र प्राचार्य मॅडमकडे गेलं. मॅडम शिस्तीच्या होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की व्हरांड्यातले शिक्षकसुद्धा शर्ट खोचायचे. एका सकाळी त्या न सांगता इंजिनखोलीत आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या.

त्या दिवशी नेमकं व्ही इंजिन होतं. सगळ्यात मोठं, आठ सिलिंडरचं. सरांनी दांडा फिरवायला सुरुवात केली होती, आणि तो फिरू लागला की थांबून चालत नसे.

"आठ जणांना एका बाकावर बसवलं तर बाक किती लांब होईल?" त्यांनी सुरुवात केली. "गाडीचं तोंडच दाराबाहेर जाईल. म्हणून चार या बाकावर आणि चार त्या बाकावर. बाक तिरपे, पण पाय सगळ्यांचे मधे, एकाच क्रँकवर. आणि नुसती जागा वाचते असं नाही. ओला रुमाल पिळून बघा आणि ओली चादर पिळून बघा. चादरीला किती पीळ पडतो? लांब क्रँकचंही तसंच. आठांचा जोर त्याच्यावर आला की तो आतल्या आत पिळतो. आखूड असला की ताठ राहतो."

मॅडमनी हात वर केला. मुलांसारखाच. "या दोन ओळींमधला कोन किती आहे?"

"नव्वद अंश, मॅडम."

"नव्वदच का?"

अकरा वर्षांत हे सरांनी कधी सांगितलं असेल तर त्या दिवशी त्या रजेवर असाव्यात.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सरांना माहीत आहे."

सर फळ्याकडे गेले. त्यांनी लिहिलं, क्रँकच्या दोन फेऱ्यांत आठही सिलिंडरची एकेक पाळी. दोन फेऱ्या म्हणजे सातशेवीस अंश. खाली रेघ मारून भागिले आठ. मावशी मुलांबरोबर वाचत होत्या. भागाकार पुरा व्हायच्या आत त्या बोलून गेल्या, "नव्वद! म्हणजे दर नव्वद अंशाला एक ठिणगी. मग बाकही तेवढेच तिरपे ठेवले की पाळ्या सारख्या अंतरानं येतात, कुठे गचका नाही. अगंबाई, असं आहे होय!"

त्या वर्गाला सांगत होत्या की स्वतःला, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मॅडम उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "तास संपला की दोघंही माझ्याकडे या."

मावशींनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. केबिनमध्ये सरांनी आधीच एक कागद लिहून नेला होता. मॅडमनी तो वाचलाच नाही. त्या म्हणाल्या, "कागदोपत्री तास सरांचा आहे. सर वर्गात हजर आहेत, फळ्यावर लिहितायत. त्यांना मदतनीस लागते, ती मी मंजूर केली आहे. पत्राला मी एवढंच उत्तर देणार." मग मावशींकडे बघून म्हणाल्या, "माहीत नाही म्हणालात, ते बरं केलंत. इथे फार जणांना ते वाक्य येत नाही."

ते सगळं वर्ष असं गेलं. मावशींच्या मते त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात भरगच्च वर्ष. सकाळी खोली झाडायची, इंजिनं पुसायची, मग हात धुऊन, पदर नीट करून त्याच इंजिनांपुढे उभं राहायचं. निकालात सरांच्या विषयात नापास झाले फक्त दोघं.

आणि मग सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले, खाकरले आणि म्हणाले, "बसा."

आवाज घोगरा होता, फाटलेला होता, पण आवाज होता. मुलांनी बाकं वाजवली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचंच होतं. त्या मुकाट्यानं मागे गेल्या आणि आपल्या स्टुलावर बसल्या. सर एका सिलिंडरचा धडा सांगू लागले. दोन-तीन मुलं मान वळवून मागे बघत होती. मावशींनी त्यांना हातानंच खूण केली, पुढे बघा.

संध्याकाळी दुकानात त्या नुसत्या बसून होत्या. यजमानांनी विचारलं, "उद्याचा तास नाही घ्यायचा का?"

"सरांचा आवाज आला."

"बरं झालं की."

"बरंच झालं," मावशी म्हणाल्या, आणि पुढ्यात पडलेल्या शर्टाला काजं करू लागल्या. यजमानांनी दिवा जवळ सरकवला.

पण सर विसरणाऱ्यातले नव्हते. आडव्या इंजिनाचा दिवस आला. त्यांनी दांड्याला हात घातला, थांबले, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे मला नीट सांगता येत नाही. मावशी, या पुढे." त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंतची आठ वर्षं आडवं इंजिन आणि व्ही इंजिन हे दोन धडे मावशींचे राहिले. त्या दोन दिवशी दुसऱ्या वर्गातली मुलंही येऊन भिंतीला टेकून उभी राहायची.

सर गेले, बहिणीकडे, दूर. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचं पत्र यायचं, त्यात ख्यालीखुशाली कमी आणि इंजिनांची चौकशी जास्त. आडव्याच्या बुडाला गंज धरतोय का? सहाच्या दांड्याला तेल देता ना? नव्या मास्तरांचा सगळा धडा पडद्यावर होता. चित्रातले पिस्टन आपोआप हलायचे. चित्र चांगलं होतं, मावशी कबूल करायच्या. सुरेख होतं. फक्त त्याला हात लावता येत नव्हता.

सहा वर्षांनी नवी इमारत झाली आणि इंजिनखोलीतली इंजिनं निकाली काढायची यादी लागली. नव्या इमारतीच्या फरशीला तेवढं वजन नको, असं कारण होतं. मावशींनी कचेरीत जाऊन विचारलं, चार जणांना विचारलं, जुन्या मुलांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना मुलीकडून पत्रं लिहून घेतली. एक जण दुसऱ्या गावच्या तंत्रशाळेत मास्तर झाला होता. तो टेम्पो घेऊन आला. टेम्पोत मावली ती तीन, एका सिलिंडरचं, तीनचं आणि ओळीतलं चारचं. "आडवंही न्यायचं होतं, मावशी," तो म्हणाला, "पण आमच्याकडे जागाच तेवढी." त्याच्या डोळ्यांकडे बघून मावशींनी जास्त आग्रह केला नाही.

उरलेली तीन भंगारवाले नेणार होते. आदल्या दिवशी मावशींनी ती शेवटची पुसली. भंगारातच जायची, कशाला पुसता, असं शिपाई म्हणाला. सहाचा दांडा त्यांनी बराच वेळ फिरवला. ते इंजिन फार शांत होतं, हाताला कुठेही अडायचं नाही. मग तेलाच्या वाटा पुसल्या, पाण्याच्या वाटा पुसल्या, आणि सुटाची ती चिंधी घडी करून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. सकाळपासून दुकानात बसून त्या बटणं लावत राहिल्या. दुपारी यजमानांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "तो कोट राहू दे आता. तू त्याला चार बटणं जास्त लावली आहेस."

मावशींनी बघितलं. खरंच लावली होती. त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. समोरचं गिऱ्हाईक भांबावून उठायला लागलं तर यजमान त्याला म्हणाले, "बसा हो, तुमच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही."

सरांना त्यांनी खरं ते कळवलं. उलट टपाली पत्र आलं. एरवी दोन-दोन पानं लिहिणाऱ्या सरांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यात म्हटलं होतं की, कापताना मला वाटलं होतं दहा वर्षं टिकतील. तुम्ही तीस टिकवलीत.

पुढची चार वर्षं मावशींनी कचेरीत फायली इकडून तिकडे नेण्यात काढली आणि निवृत्त झाल्या. आता त्या रोज दुकानात असतात. यजमानांची नजर अधू झाली आहे, त्यामुळे सुईत दोरा ओवायचं काम त्यांच्याकडे. बाजारातून जाणारं एखादं पिकल्या केसांचं माणूस अधूनमधून थबकतं, आत डोकावतं, "मावशी, ओळखलंत का?" नाव त्यांना कधीच आठवत नाही. पण थोडं निरखून बघितलं की त्या म्हणतात, "तू सहाच्या इंजिनापाशी उभा राहायचास, खिडकीच्या बाजूला." आणि ते बरोबर निघतं.

गेल्या महिन्यात असाच एक जण पँट आखूड करून घ्यायला आला होता. पोट सुटलेलं, चष्मा, हातात औषधांच्या खोक्यांची पिशवी. मावशींनी त्याला नीट बघितलं. "तू आडव्यापाशी. भिंतीला टेकून."

"टेकूनच," तो म्हणाला. "मी तुमच्या वर्गातला नव्हतोच, मावशी. शेजारच्या वर्गातला."

"मग आता कुठलं गॅरेज?"

"गॅरेज कसलं! औषधांचं दुकान आहे माझं. दोनदा नापास झालो आणि ते शिक्षण सोडून दिलं. इंजिनातलं मला ओ की ठो कळलं नाही कधी." तो जरा ओशाळून हसला. "पण ते तुमचे दोन दिवस मी एकदाही बुडवले नाहीत."

मावशींनी त्याचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "उद्या ये. तयार ठेवते."

तो गेल्यावर यजमानांनी आतून विचारलं, "कोण होतं गं?"

"आमचा विद्यार्थी," मावशी म्हणाल्या.